मग्न होणे आणि बुडणे

गोष्ट रंगली की मुले तिच्यात मग्न होतात. इंग्रजीच्या धड्यात याच अर्थाने ‘एन्ग्रोस’ हे क्रियापद येते. शब्दकोशात ‘मग्न करणे, लक्ष वेधून घेणे’ असा अर्थ पाहून आपण पुढे जातो. पण हे दोन शब्द मुळात कुठून आले हे पाहिले, तर पहिला पाण्यातून आलेला दिसतो आणि दुसरा बाजारातून.

आधी बाजार पाहू. फ्रेंचमध्ये ‘आँ ग्रो’ म्हणजे ठोक, घाऊक. किराणा दुकानदाराला इंग्रजीत ‘ग्रोसर’ म्हणतात, तो मूळचा घाऊक व्यापारी. १२ डझनांचा, म्हणजे १४४ नगांचा ‘ग्रोस’ही याच घरातला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एन्ग्रोस’ करणे म्हणजे बाजारातला सगळा माल एकट्याने उचलायचा आणि मग मनमानी भावाने विकायचा. १५५२ च्या कायद्यात यासाठी शिक्षा होती. १८४४ मध्ये हा गुन्हा तिथल्या कायद्यातून काढून टाकण्यात आला. अनेक कुळांची शेते एकाने आपल्या ताब्यात घेणे, यालाही हाच शब्द होता.

दस्तऐवजाची पक्की प्रत मोठ्या, ठळक अक्षरात लिहिणे हा त्याचा आणखी एक अर्थ. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा चर्मपत्रावर असा लिहावा, असे तिथल्या काँग्रेसने १९ जुलै १७७६ रोजी ठरवले आणि २ ऑगस्टला त्यावर सह्या सुरू झाल्या. माल आणि जमीन यांच्या पाठोपाठ माणसाचे लक्षही ‘सगळेच्या सगळे ताब्यात घेण्याची’ वस्तू ठरले. अठराव्या शतकात हा अर्थ रूढ झाला.

आता पाणी. ‘मग्न’ हा शब्द संस्कृतातील ‘मस्ज्’ म्हणजे बुडणे या धातूपासून आला. मग्न म्हणजे बुडालेला. ‘जलमग्न’ या शब्दात तो मूळ अर्थ अजून शाबूत आहे.

या दोन्ही शब्दांचे जुने अर्थ एकाच ठिकाणी पाहायचे असतील, तर पुणे जिल्ह्यातल्या मुळशीला जावे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना. त्यासाठी सुमारे ५० गावांच्या जमिनींवर गदा आली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यामुळे मालकाची संमती नसली तरी जमीन घेता येत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात. त्यांना तुरुंगवास झाला, १९२४ च्या अखेरीस लढा संपला आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. एकाच खरेदीदाराने सगळे खोरे घेतले, हा ‘एन्ग्रोस’चा जुना अर्थ, खोरे जलमग्न झाले, हा ‘मग्न’चा.

शिक्षकांनी येथे दोन्ही भाषांमधल्या वाक्यांकडे लक्ष द्यावे. ‘मूल गोष्टीत मग्न झाले’ या वाक्यात कर्ता मूल आहे; ते आपणहून बुडी घेते. इंग्रजीत मात्र गोष्ट मुलाला ‘एन्ग्रोस’ करते. मूल कर्म होते. मुळशीच्या शेतकऱ्यांचे तेच झाले. ते बुडाले नाहीत, त्यांना बुडवले गेले.

मुलांचे लक्ष वेधून घेण्याची साधने आज पुष्कळ आहेत. एखादे साधन वर्गात आणताना ‘मुले किती गुंतली?’ एवढेच विचारून भागणार नाही. त्यात मूल कर्ता राहिले की कर्म झाले, हेही पाहायला हवे. तल्लीन, दंग, गुंग, रंगणे या शब्दांची मुळे वरच्या वर्गातल्या मुलांना कोशात शोधायला सांगावीत आणि प्रत्येक शब्दाचे वाक्य करून त्यातला कर्ता कोण, हे त्यांनाच ठरवू द्यावे.