जोतीरावांनी मागितलेली पदवी आणि आजचे एजंट

दूरस्थ शिक्षणाची पदवी म्हणजे दुय्यम पदवी, हा समज आपल्या तरुणांच्या डोक्यात पक्का बसला आहे. जालन्यातला एखादा मुलगा मुक्त विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. करतो, पण सांगताना आवाज खाली आणतो : "रेग्युलर नाही, बाहेरून केलं." या संकोचाला इतिहासात काडीचाही आधार नाही. ही पदवी कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. ती मागावी लागली, आणि ती मागणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि शिकवायचे संलग्न कॉलेजांनी. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने कॉलेजात नाव असण्याची अट काढून टाकली. कुठेही राहून, स्वतः अभ्यास करून परीक्षा देण्याची मुभा मिळाली. मुंबईने लंडनचा साचा उचलला, पण हे दार उचलले नाही. कॉलेजचा दाखला असेल तरच पदवीच्या परीक्षेला बसता येई. आणि कॉलेजात कोण होते? ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक होते ते.

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यातली प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. त्याच निवेदनातला दुसरा मुद्दा मात्र आपणच विसरलो. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना पुन्हा खुली झाली होती. जोतीरावांनी त्याचे स्वागत केले आणि तीच सवलत बी.ए., एम.ए.ला द्या असे सांगितले. कित्येकांना कॉलेजात जाणे शक्यच नसते, घरी केलेला अभ्यास मान्य केला तर पुष्कळ तरुण शिकतील, हा त्यांचा युक्तिवाद. दूरस्थ शिक्षणाचे सगळे तत्त्व यात आले. दिल्ली विद्यापीठाने पत्राचार अभ्यासक्रम सुरू केला १९६२ मध्ये. म्हणजे जोतीरावांच्या मागणीनंतर ८० वर्षांनी.

आता इंग्रजीचे. १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजीला माउली मानले. यावर आजही काही जण नाक मुरडतात. मुरडू द्या, त्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकतात ते विचारा. मराठवाड्यात तर प्रश्न आणखी बिकट होता. निजामाच्या राज्यात १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे निघाले. जालन्याच्या पोराची घरची भाषा मराठी आणि पदवीची वाट हैदराबादेत. रेल्वे होती, पण तिकिटाला आणि तिथे राहायला पैसे कुठून आणणार? १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत जे कॉलेज काढले आणि जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, ते का महत्त्वाचे हे या अंतरावरून कळते.

बाबासाहेबांना हे अंतर नीट ठाऊक होते. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी निवेदन दिले आणि वर्षाला ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून कामावर जाता येईल. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेत बसायचे की कॉलेजने विद्यार्थ्याच्या पोटापाण्याच्या वेळेत, हा त्यातला प्रश्न. स्टील कारखान्यात पाळीवर जाणारा जालन्याचा तरुण किंवा अंबड-घनसावंगीतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी यांच्यासाठी तो प्रश्न आजही तसाच आहे.

पुढे १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आले आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. मधल्या काळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी १६ वर्षे आपली माणसे लढली, घरे जाळून घेतली. अशा प्रदेशात मुक्त विद्यापीठाचा टपालाने येणारा पुस्तकांचा गठ्ठा ही लहान गोष्ट नव्हती. तिकडे दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनी तुरुंगात असताना १९८९ मध्ये कायद्याची पदवी घेतली तीसुद्धा दूरस्थच. त्यांना कोणी 'रेग्युलर का नाही' असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

२००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी आणली. एका निर्णयाने झेडपीच्या प्रत्येक शाळेत इंग्रजी शिकवणारा माणूस लागू लागला. मागोमाग गल्लोगल्ली इंग्रजी शाळा आणि स्पोकन इंग्लिशचे क्लास निघाले. माझे ठाम मत असे की वस्तीतल्या मुलाला इंग्रजी सर्वांत चांगली तोच शिकवेल, जो ती स्वतः परकी म्हणून, अडखळत शिकला. पण त्यासाठी शिकवण्याचे शास्त्र यावे लागते, आणि इथेच एजंट घुसतो.

एजंट म्हणतो, "घरबसल्या बी.एड. करून देतो, हजेरी नाही, पैसे हप्त्याने." मित्रांनो, राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमाप्रमाणे दूरस्थ बी.एड. नवशिक्यासाठी नाहीच. ते प्राथमिक शाळेत काम करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकासाठी, किंवा ज्याने शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आधी प्रत्यक्ष वर्गात बसून केला आहे त्याच्यासाठी आहे. नुसत्या बी.ए.वर ते मिळते असे सांगणारा तुम्हाला फसवतो आहे. आणि ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. लागते, हेही एजंट सांगत नाही.

मग नवशिक्याने काय करावे? पदवी नसेल तर मुक्त विद्यापीठाचे बी.ए., त्यानंतर इंग्रजीत एम.ए. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाचे एम.ए. नेट-सेटलाही चालते. पदवी असेल तर इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा स्वस्तातला आणि चांगला आरंभ आहे : शिकणारा कसा शिकतो, आजच्या इंग्रजीची रचना, वर्गात शिकवण्याच्या पद्धती. याने सरकारी नोकरीचा हक्क मिळत नाही, शिकवायला मात्र येते. हैदराबादेत १९५८ मध्ये, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्याच वर्षी, निघालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था आज इंग्रजी आणि परकीय भाषांचे विद्यापीठ आहे. तिचे इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर दूरस्थ अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, पण ती पुढची पायरी. आधी पात्रता वाचा.

पैशाचे म्हणाल तर, एक रुपया भरण्याआधी इग्नूची पुस्तके 'ई-ज्ञानकोश'वर फुकट उघडून बघा. जमेल की नाही ते दोन रात्रींत कळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी इग्नू काही अभ्यासक्रमांना फी माफ करत आले आहे. यादी सत्रागणिक बदलते, म्हणून माहितीपत्रक बघूनच अर्ज भरा. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या नियमांत पत्राचाराने शिकणाऱ्यांचाही विचार झालेला आहे. तुमच्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, हे जालन्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका, उत्तर लेखी मागा.

प्रवेश घेताना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे नाव बघा. विद्यापीठाला मान्यता असणे पुरेसे नाही. त्या वर्षी त्याच अभ्यासक्रमाला, त्याच दूरस्थ पद्धतीने मान्यता आहे का ते तपासा. आता विद्यार्थ्यालाही तिथे स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो फुकट निघतो, मोबाइलवर निघतो. तो काढायलाही कोणी पैसे मागत असेल, तर त्या माणसाकडे आपली मूळ कागदपत्रे देऊ नका.