चाकोरी आणि चाक : यवतमाळच्या नदीखोऱ्यांतील सायकलवाटा

यवतमाळ जिल्ह्यात सायकल कोणत्या रस्त्याने धावली आणि कोणत्या नदीकाठी थबकली, हे पुष्कळ अंशी ती तेथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी कापसाच्या बंडीने, म्हणजे बैलगाडीने, ठरवून ठेवले होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे पूर्वेकडे विखुरत गेल्यामुळे या जिल्ह्यात पठारे, उघड्या टेकड्या आणि अरुंद खोरी यांची सरमिसळ झाली आहे. पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांनी त्याची सीमा आखली असून पूस, अरुणावती, अडाण आणि वाघाडी यांचे पाणी थेट किंवा एकमेकींत मिसळून पैनगंगेला जाते, तर बेंबळा वर्धेकडे वळते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर, जलविभाजकाजवळ, म्हणजे दोन पाणलोटांना अलग करणाऱ्या उंचवट्याजवळ वसले आहे, आणि त्यामुळे तेथून निघणारा बहुतेक प्रत्येक रस्ता आधी उतरतो, मग एखादा नाला किंवा नदी ओलांडतो आणि पुन्हा चढू लागतो.

पक्क्या सडका होण्यापूर्वी या मुलखातली मालवाहतूक मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांच्या हाती होती. पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलांचा जो काफिला ते चालवीत, त्याला तांडा म्हणत. आज पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत हा शब्द वस्तीला लावला जातो, पण मुळात तो चालत्या समूहाचा वाचक आहे. लादणीच्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते, आणि म्हणून तांड्यांनी सडका मागितल्या नाहीत. सडक मागितली ती बंडीने. निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या वऱ्हाडातील कापसाला १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात एकाएकी मोल आले, आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचताच हा कापूस स्थानकापर्यंत नेण्याचा प्रश्न उभा राहिला. लोहमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडून, सपाटीवरून गेला होता. यवतमाळला जवळचे स्थानक होते २९ मैलांवरचे धामणगाव. यवतमाळहून धामणगावला जाणारी सडक जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा ठरली, आणि तिच्यामागून झालेले महत्त्वाचे रस्तेही कापूस बाजारपेठेकडे आणि स्थानकाकडे वाहून नेण्याच्याच हेतूने आखले गेले. खोऱ्यातले एक गाव दुसऱ्या गावाला जोडावे, हा विचार त्या आखणीत जवळजवळ नव्हता.

आखणीची एक तांत्रिक बाजू सायकलच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डोंगराळ भागातील सडकेचा चढ किती ठेवायचा, हे त्या काळी भरल्या गाडीचा बैल किती चढ न थांबता ओढू शकतो यावर ठरत असे, आणि म्हणून सडक टेकडीला थेट न भिडता तिच्या कुशीने वळसे घेत वर जाई. पुढे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसने जी प्रमाणे रूढ केली, त्यांतही सपाट प्रदेशात ३० फुटांना १ फूट आणि डोंगराळ प्रदेशात २० फुटांना १ फूट हा नेहमीचा चढ मानला आहे. जुन्या पद्धतीच्या सायकलला एकच गिअर असतो. २८ इंची चाके आणि सुमारे २० किलो वजन असलेली ही सायकल पायडलच्या एका फेऱ्यात ५ मीटरांहून अधिक अंतर कापते, म्हणजे सपाटीवर ती सुखाची, पण चढावर तिचा प्रत्येक फेरा जड. बैलाला जो चढ झेपतो तोच साधारणपणे अशा सायकलस्वाराला बसल्याबसल्या झेपतो, आणि बैल जेथे थांबून धापा टाकतो तेथे सायकलस्वारही उतरून हँडल धरतो. सायकलसाठी या जिल्ह्यात कोणी रस्ता बांधला नाही, तरी बैलांसाठी बांधलेला रस्ता तिला मानवला.

सडकांपाठोपाठ रूळही यवतमाळला पोहोचले. १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला; किलिक निक्सन या कंपनीशी संलग्न असलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीची ही गाडी पुढे शकुंतला या नावाने ओळखली गेली. दोनच वर्षांनी, १९०५ मध्ये, वून म्हणजे वणी हे जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले आणि वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका त्याला जोडला गेला. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या यवतमाळ शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये अवघी १०,५४५ होती.

सायकलचे आजचे रूप तोवर युरोपात स्थिरावले होते : दोन्ही चाके सारखी आणि मागचे चाक साखळीने फिरणारी रोव्हर सायकल १८८५ मध्ये आली आणि डनलॉपची हवा भरलेली धाव १८८८ मध्ये. भारतात दीर्घकाळ रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए. अशा विलायती बनावटीच्याच सायकली येत राहिल्या, आणि वऱ्हाडातल्या लहान शहरांत सायकल प्रथम पगारदारांची आणि पेढीवाल्यांची वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. मद्रासची टी.आय. सायकल्स, सोनीपतची अ‍ॅटलस आणि लुधियानाची हीरो या कारखान्यांचा माल बाजारात आला, तशी सायकल शिक्षकाच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या आवाक्यात आली. ज्यांना विकत घेणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती; अनेक नगरपालिका सायकलवर वार्षिक कर बसवून धातूचा बिल्ला देत, आणि रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्यावर खटला होई. मोठ्यांच्या सायकलच्या त्रिकोणी सांगाड्यातून एक पाय पलीकडे घालून चालविण्याच्या, कैची म्हटल्या जाणाऱ्या रीतीने कित्येक पिढ्यांतील मुले सायकल शिकली, ती याच भाड्याच्या सायकलींवर.

तथापि सडक सोडली की सायकलचे राज्य वर्षातून आठच महिने असे. काळी माती पावसाने फुगते आणि चिकट होते. दोन शेतांमधून जाणारा गाडरस्ता, ज्याला या भागात पांदण म्हणतात, पावसाळ्यात चिखलाचा ओहोळ बनतो, आणि मडगार्ड व चाक यांच्यामध्ये ही माती इतकी घट्ट बसते की चाक फिरणेच थांबते. मग सायकल खांद्यावर घेण्यावाचून उपाय उरत नाही. उन्हाळ्यात अडचण वेगळी. बंड्यांच्या लोखंडी धावांनी मऊ मातीत कोरलेल्या दोन समांतर खाचा वाळून दगडासारख्या होतात. मराठीत चाकोरी हा शब्द मुळात याच खाचेचा आहे, रुळलेल्या जीवनक्रमाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. सायकलस्वार चाकोरीत शिरला तर पायडल काठाला घासते आणि काठावरून चालवू गेला तर चाक आत घसरते, त्यामुळे चाकोरी सोडणे ही येथे बंडखोरी नसून निव्वळ तोल सांभाळण्याची कला होती.

नद्यांचा अडसर याहून मोठा होता, कारण तो केवळ पाण्याचा नव्हता. पैनगंगेच्या उत्तरेस इंग्रजी अंमलाखालचे वऱ्हाड आणि दक्षिणेस निजामाचे हैदराबाद संस्थान, अशी राजकीय हद्द जवळजवळ शंभर वर्षे या पात्रातून जात होती, आणि संस्थानच्या हद्दीत जाणाऱ्या मालावर करोडगिरी नावाची जकात घेतली जाई. रेणुकेचे माहूर नदीपलीकडे असल्याने यात्रेकरूंची ये-जा कधीच थांबली नाही, पण हद्दीवरच्या नदीवर पूल बांधण्याची निकड दोन्ही सरकारांना फारशी वाटली नसावी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ व मराठवाडा दोन्ही मुंबई राज्यात आले, तेव्हा उमरखेड आणि हदगाव, महागाव आणि माहूर ही समोरासमोरची गावे पुन्हा एका राज्याची झाली. आज धनोड्याजवळ आणि मार्लेगावजवळ पैनगंगेवर जे पूल आहेत, त्यांच्यावरून जाणाऱ्याला या हद्दीची आठवणही होत नाही.

रस्त्यांच्या नियोजनात या प्रदेशाचे नाव एका वेगळ्या कारणानेही कोरले गेले आहे. १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तिने केलेली आखणी नागपूर योजना म्हणून प्रसिद्ध झाली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची वर्गवारी तिने केली आणि शेतीने विकसित झालेल्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावे असे उद्दिष्ट ठेवले. पाच मैल म्हणजे पायी जवळजवळ दीड-दोन तास आणि सायकलने अर्धा-पाऊण तास. योजनाकारांच्या मनात सायकल असो वा नसो, ते अंतर तिच्याच मापाचे होते. प्रत्यक्षात कच्च्या रस्त्यांचे जाळे पसरले ते १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी असलेले वसंतराव नाईक पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्या दुष्काळात राज्यभर राबविलेल्या रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्या आणि मुरूम टाकणाऱ्या मजुरांनी जे रस्ते केले, त्यांतले अनेक पुढच्या पावसात वाहून गेले हे खरे, पण त्यांनी आखलेली रेघ राहिली आणि पुढे १९७७ च्या कायद्याने या हमीला कायमचे अधिष्ठान मिळाले. मुख्यमंत्र्यांचा स्वतःचा तालुका डोंगरांनी वेढलेला. पुसदहून वाशीमकडे निघालेल्याला आजही खंडाळ्याचा घाट ओलांडावाच लागतो.

अलीकडे मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, आणि सायकलवर बहुधा पुरुषच दिसण्याची या रस्त्यांची जुनी रीत मोडली. मोटारसायकल आल्यावर प्रौढांनी सोडलेली जागा मुलींनी घेतली, असे म्हणता येईल. नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या रुंद पृष्ठभागावर आता हलक्या, अनेक गिअरच्या सायकलींनी दीर्घ अंतर कापता येते. अशा सायकलींवरून ठरावीक वेळेत अंतर पुरे करण्याच्या ज्या ब्रेव्हे नावाच्या चाचण्या सर्वत्र होतात, त्यांत २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. परंतु महामार्ग सोडून उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्यात, स्थानिक लोक ज्याला बंदी भाग म्हणतात त्या मुलखात शिरले की वन्यजीव कायद्याच्या निर्बंधांमुळे रस्त्यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळलेली दिसतात. तेथे मुरूम, फरशी पूल आणि चाकोरी अजून जुन्याच क्रमाने येतात, आणि नाल्याला पाणी आले की सायकल काठावर आडवी ठेवून ते ओसरण्याची वाट पाहावी लागते.