वर्ककॅम्पिंग

वर्ककॅम्पिंग ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ असलेली हंगामी कामाची एक पद्धत आहे. राहण्याची सोय असलेल्या वाहनातून (आर.व्ही.) प्रवास करणाऱ्या व्यक्ती किंवा जोडपी एखाद्या ठिकाणी काही महिने मुक्काम करून तेथे काम करतात आणि हंगाम संपताच पुढील ठिकाणी जातात. कामाचा मोबदला वेतन, वाहन उभे करण्याची विनामूल्य जागा किंवा या दोहोंच्या रूपाने मिळतो. असे काम करणाऱ्यांस वर्ककॅम्पर म्हणतात. त्यांत निवृत्त व्यक्तींचे प्रमाण लक्षणीय आहे.

संज्ञा व पार्श्वभूमी

‘वर्क’ (काम) आणि ‘कॅम्पर’ (तळ ठोकून राहणारा) या दोन शब्दांच्या संयोगातून ही संज्ञा तयार झाली. आर्कान्सा राज्यातील हेबर स्प्रिंग्ज येथून १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ककॅम्पर न्यूज’ या नियतकालिकामुळे ती प्रचारात आली.

चाकांवरच्या घरातून हिंडण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. मोटारीतून तंबू व डबाबंद अन्न घेऊन प्रवास करणाऱ्यांची ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्थापन झाली. कायमस्वरूपी वाहनातच राहणाऱ्यांसाठी १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ हा क्लब निघाला. त्याचे मुख्यालय टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे आहे. २००८ च्या आर्थिक मंदीत घर किंवा बचत गमावलेल्या अनेक वयस्क व्यक्ती या जीवनपद्धतीकडे वळल्या. त्यामुळे हौशी प्रवासी आणि निरुपायाने प्रवासी झालेले असे दोन्ही प्रकारचे लोक आज वर्ककॅम्परांत आढळतात.

कामाचे प्रकार

तळयजमान : सरकारी उद्याने व वनक्षेत्रांतील तळांवर येणाऱ्यांचे स्वागत करणे, नियम समजावणे, शेकोटीच्या जागा व स्वच्छतागृहे साफ ठेवणे ही या यजमानांची कामे होत. राष्ट्रीय उद्यान सेवेत हे काम बहुधा स्वयंसेवेच्या स्वरूपाचे असते आणि मोबदल्यात जागा मिळते. संघीय जमिनींवर २५० तास सेवा करणाऱ्या स्वयंसेवकास उद्यानांचा वार्षिक प्रवेश परवाना विनामूल्य मिळतो.

प्रवेशद्वारावरील सेवक : लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या जलाशयांच्या काठी अनेक तळ आहेत. तेथे शुल्क गोळा करण्याचे काम कंत्राटाने दिले जाते. इच्छुक जोडपी त्यासाठी निविदा भरतात.

खाजगी ठेकेदारांकडील काम : मोठ्या राष्ट्रीय उद्यानांतील उपाहारगृहे, दुकाने व निवासस्थाने खाजगी कंपन्या चालवतात. त्या हंगामी कर्मचारी नेमतात व काही ठिकाणी त्यांच्या वाहनांसाठी वेगळी जागा राखतात.

साखरबिटाची काढणी : मिनेसोटा व नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवरील रेड नदीच्या खोऱ्यात मुख्य काढणी ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होते. पाळी बारा तासांची असून काम दिवसरात्र चालते. बीट उघड्यावर रचून साठवले जात असल्याने उष्णता वाढल्यास ते कुजते. म्हणून ऊन, पाऊस किंवा कडाक्याची थंडी पडल्यास काम थांबवावे लागते.

गोदामातील काम : ॲमेझॉन कंपनीने २००८ मध्ये नाताळच्या गर्दीसाठी ‘कॅम्परफोर्स’ हा उपक्रम सुरू केला होता. तो पुढे बंद करण्यात आला.

निसर्गस्थळे

सुटीच्या दिवशी परिसर पाहता येणे हे या पद्धतीचे मोठे आकर्षण मानले जाते. पर्यटकास एक-दोन दिवसांत उरकावे लागणारे स्थळ वर्ककॅम्परास संपूर्ण ऋतूभर, गर्दी नसलेल्या वेळी पाहता येते. वायोमिंगमधील यलोस्टोन उद्यानात समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटर उंचीवरील यलोस्टोन सरोवर व ९४ मीटर उंचीचा लोअर फॉल्स हा धबधबा आहे. मिशिगनमधील टाक्वामेनन धबधब्याचे पाणी देवदारवर्गीय वृक्षांच्या दलदलीतून येत असल्याने त्यातील टॅनिनमुळे तपकिरी दिसते. साउथ डकोटातील कस्टर राज्य उद्यानात गव्यांचे कळप व बांध घालून निर्माण केलेले सिल्व्हन सरोवर आहे. उत्तरेकडील उद्यानांचा हंगाम उन्हाळ्याचा असतो. हिवाळ्यात अनेक जण दक्षिणेकडे, विशेषतः ॲरिझोनातील क्वार्टझसाइटच्या वाळवंटात, मुक्काम हलवतात.

मोबदला व कायदा

केवळ जागेच्या मोबदल्यात काम स्वीकारताना तासांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. आठवड्याला २० तास काम केल्यास महिन्याचे सुमारे ८७ तास भरतात. ताशी ७.२५ डॉलर या संघीय किमान वेतनाने त्यांचे मूल्य सुमारे ६३० डॉलर होते. जागेचे मासिक भाडे याहून कमी असल्यास काम करणाऱ्याचे नुकसान होते. वीज वेगळी आकारली जाते का आणि जोडप्यापैकी दोघांनीही काम करावयाचे आहे का, हेही आधीच लेखी ठरवून घेणे आवश्यक असते.

१९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्यानुसार वर्षातून सात महिन्यांहून अधिक काळ न चालणाऱ्या मनोरंजन आस्थापनांना किमान वेतन व जादा कामाच्या वेतनाच्या नियमांतून सूट आहे. राष्ट्रीय उद्यानांतील खाजगी ठेकेदारांना ती पूर्णपणे लागू होत नाही. जागा मालकाच्या आवारात, मालकाच्या सोयीसाठी आणि नोकरीची अट म्हणून दिलेली असेल, तर तिचे मूल्य करपात्र उत्पन्नात धरले जात नाही.

स्थिर पत्ता नसल्याने मतदान, वाहननोंदणी व विमा यांसाठी एखादे राज्य अधिकृत निवासाचे म्हणून निवडावे लागते. राज्य आयकर नसलेली टेक्सास, फ्लोरिडा व साउथ डकोटा ही राज्ये त्यासाठी प्रचलित आहेत. आरोग्यविमा हा अधिक कठीण प्रश्न आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींना मूळ मेडिकेअर योजना देशभर उपयोगी पडते. परंतु त्याखालील वयाच्या व्यक्तींच्या विमा योजना बहुधा एका राज्यातील रुग्णालयांपुरत्या मर्यादित असतात.

टीका

साठीसत्तरीतील व्यक्तींना उभे राहून, वजन उचलून दीर्घ पाळ्या कराव्या लागणे, निवृत्तिवेतनाची तरतूद नसणे आणि काम सुटताच राहण्याची जागाही सुटणे, हे या पद्धतीवरील प्रमुख आक्षेप आहेत. याउलट मोकळेपणा, सोबत्यांचा सहवास व निसर्गसान्निध्य यांमुळे अनेक जण स्वेच्छेने ही पद्धत पत्करतात.

साहित्य व चित्रपट

जेसिका ब्रुडर यांचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे पुस्तक वयस्क भटक्या कामगारांच्या जीवनावर आधारित आहे. त्यावरून क्लोई झाओ यांनी दिग्दर्शित केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटास (२०२०) सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व अभिनेत्री असे तीन ऑस्कर पुरस्कार मिळाले. त्यात प्रत्यक्ष असे जीवन जगणाऱ्या काही व्यक्तींनीही भूमिका केल्या आहेत.

हे सुद्धा पहा

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान
हंगामी स्थलांतर