कलाकृतीचे मोल

घर विकले म्हणजे किल्ल्या दुसऱ्याच्या हाती जातात आणि व्यवहार संपतो. कवितेचे तसे नाही. कवीने ती विकली तरी त्याच्या मुखी ती राहतेच; मग विकत घेणाऱ्याच्या पदरी नेमके काय पडले? कागद, की तो छापण्याचा हक्क, की ती गाण्याचाही? या प्रश्नाचा उलगडा करण्यात तीन शतके खर्ची पडली आहेत.

जॉन मिल्टनने १६६७ साली ‘पॅराडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य लंडनच्या सॅम्युअल सिमन्स या मुद्रकास दिले. ५ पौंड रोख, आणि पहिल्या तीन आवृत्त्या खपतील तसतसे प्रत्येकी आणखी ५, असा करार होता. कवीच्या हयातीत १० पौंड हाती आले. १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलासुरला हक्क ८ पौंडांस कायमचा सोडून दिला. यात कोणी कोणास फसविले असे नव्हे. कर्त्याचा म्हणून ग्रंथावर काही हक्क असतो, हे सांगणारा कायदाच त्या काळी नव्हता. तो १७१० साली ॲन राणीच्या राजवटीत आला. नव्या ग्रंथाचा मुद्रणहक्क त्याने ग्रंथकारास, अथवा त्याच्याकडून तो घेणाऱ्यास, १४ वर्षांपुरता दिला. मुदतीअखेर ग्रंथकार हयात असल्यास आणखी १४ वर्षे.

परंतु हा कायदा ग्रंथांपुरताच होता. चित्रकार विल्यम होगार्थ याच्या मुद्रित चित्रमालेच्या नकला बाजारात सर्रास खपू लागल्या, तेव्हा त्याने आपल्या व्यवसायबंधूंसह पार्लमेंटकडे धाव घेतली. १७३५ साली खोदचित्रांस संरक्षण मिळाले. तो कायदा अमलात येईपर्यंत होगार्थने आपली नवी चित्रमाला हेतुपूर्वक रोखून धरली होती.

संगीताचा प्रश्न याहून सूक्ष्म होता. कारण गीत छापले न जाताही वापरले जाते. फ्रान्समध्ये १७९१ च्या कायद्याने नाटकाच्या प्रयोगास नाटककाराची संमती आवश्यक ठरविली होती. उपाहारगृहांत मात्र गाणी फुकट गायिली जात. १८४७ साली एर्नेस्त बुर्जे हा गीतकार पॅरिसच्या एका उपाहारगृहात बसला असता त्याचेच गीत तेथे चालू झाले. त्याने पेयाचे पैसे देण्याचे साफ नाकारले. तुम्ही माझ्या गीताचे मोल देत नाही, मग मी तुमच्या पेयाचे का द्यावे, असा त्याचा रोकडा सवाल होता. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. परंतु एकटा गीतकार गावोगावच्या उपाहारगृहांवर पहारा कसा ठेवणार? म्हणून १८५१ साली गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची संस्था उभी राहिली. तिने परवाने द्यावेत, शुल्क गोळा करावे आणि सभासदांस वाटून द्यावे, ही रीत पुढे जगभर पसरली. विक्रीहून परवाना निराळा, हे तत्त्व तिने व्यवहारात रुजविले: विकणारा एकदाच पैसे घेतो, परवाना देणारा मालक राहून प्रत्येक वापराचा मोबदला घेतो.

भारतात १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. साहित्य, नाट्य, संगीत, चित्रशिल्पादी कला, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण, असे स्वामित्वाचे प्रकार त्याने मान्य केले. पण चित्रपटगीतात हे सारेच प्रकार एकत्र नांदतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, कंठ तिसऱ्याचा आणि पैसा निर्मात्याचा. मग गीत कोणाचे? गायकाचे तर या कायद्यात नावही नव्हते. १९६० नंतरच्या काळात लता मंगेशकर यांनी ध्वनिमुद्रिकांच्या स्वामित्वधनात गायकांसही वाटा मिळावा असा आग्रह धरला. एकदा मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला, असे महंमद रफी यांचे मत होते. या मतभेदापायी दोघांचे एकत्र गाणे काही काळ थांबले.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विरुद्ध करार नसल्यास मोबदला देऊन गीत-संगीत करवून घेणारा निर्माताच त्याचा पहिला स्वामी होय. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मात्र स्वतंत्र टीप जोडून गायकाच्या उपेक्षेकडे संसदेचे लक्ष वेधले. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणास हक्क मिळाला. आणि २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरविले, की चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता, चित्रपटातील गीत इतरत्र वापरले गेल्यास गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा त्यांना करारानेही सोडून देता येणार नाही. व्यापारी वापरात गायकाच्या वाट्याचीही सोय झाली. ही दुरुस्ती व्हावी म्हणून गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू मांडली होती.

गरजेपोटी केलेली विक्री कायदेशीर असली तरी सदैव न्याय्य असतेच असे नाही. मिल्टनच्या विधवेने ८ पौंडांस जे सोडले, ते सोडण्याची पाळी कलावंतावर येऊ नये, एवढेच या दीर्घ प्रवासाचे सार आहे.