महागड्या घड्याळाचा सिरीयल नंबर कुठे असतो? मोबाईलने तो कसा शोधायचा?

माझ्या मामांकडे आजोबांचं जुनं ओमेगा आहे. गेल्या वर्षी त्यांनी ते सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं तेव्हा तबकडी एकदम चकाचक! मामांना शंका आली, ‘आतलं मशीन तरी आपलंच आहे का रे?’ पण पावतीवर फक्त ‘ओमेगा, १ नग’ एवढंच लिहिलेलं. नंबर कुठेच नोंदवलेला नव्हता, मग भांडणार कशावर? ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

दोन नंबर, दोन कामं

मॉडेल किंवा रेफरन्स नंबर त्या प्रकारच्या सगळ्या घड्याळांवर सारखाच असतो. सिरीयल नंबर मात्र प्रत्येक घड्याळाचा वेगळा, आपल्या फोनच्या १५ अंकी आयएमईआयसारखा. विमा, विक्री, चोरीची तक्रार, या सगळ्या कागदांवर दोन्ही नंबर लिहा.

नंबर कुठे शोधायचा?

१. रोलेक्स: पट्टा काढल्यावर केसच्या कडेला, ६ वाजायच्या बाजूला सिरीयल आणि १२ च्या बाजूला मॉडेल नंबर दिसतो. साधारण २००५ पासून कंपनीने काच आणि तबकडी यांच्यामधल्या आतल्या कड्यावर सिरीयल कोरायला सुरुवात केली. त्यामुळे नव्या घड्याळात पट्टा न काढताही तो ६ च्या खाली वाचता येतो. २०१० च्या सुमारास अक्षरं-अंक मिसळलेले ८ खुणांचे नंबर आले. त्यावरून घड्याळ कोणत्या वर्षाचं आहे ते ओळखता येत नाही.

२. ओमेगा: ७ किंवा ८ अंकी नंबर. नव्या घड्याळात केसच्या मागच्या बाजूला, पट्टा जोडतात तिथे बारीक कोरलेला असतो. जुन्यात तो आतल्या मशीनवर असतो.

३. सेको: मागच्या झाकणावर बघा. ६ अंकी नंबर असेल तर पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरी खूण महिना सांगते.

फोटो कसा काढायचा?

मऊ कापडाने पुसून घ्या. मॅक्रो मोड लावा, नसेल तर थोडं लांबून २ एक्स झूम करा. फोनचा फ्लॅश बंद ठेवून दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका मारा, म्हणजे कोरलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. पट्टा किंवा मागचं झाकण घरी उघडायच्या फंदात पडू नका. ओरखडे पडतील आणि पाणी आत जायची भीती. कारागिराकडून समोर बसून उघडून घ्या आणि मशीनचाही फोटो काढा.

नंबर जुळला म्हणजे घड्याळ खरं?

नाही भावा! गुजरीत घेतलेल्या दागिन्याचा ६ खुणांचा एचयूआयडी बीआयएस केअर अॅपवर टाकला की शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. रोलेक्ससाठी असं सगळ्यांना खुलं अधिकृत अॅप नाही. नकली घड्याळावर खऱ्याचाच नंबर कोरलेला असू शकतो. तबकडी पुन्हा रंगवलेली, सुटे भाग जमवून उभी केलेली जुनी घड्याळं ‘बॉम्बे स्पेशल’ म्हणून जगभरच्या शौकिनांना माहीत आहेत. म्हणून केस, मशीन, वॉरंटी कार्ड आणि बिल हे सगळं एकमेकांशी जुळतंय का ते बघा. शंका असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्या.

हे नक्की करा

- सर्व्हिसिंगला देताना पावतीवर सिरीयल नंबर लिहून घ्या.
- घड्याळ घालून परदेशात जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. परत येताना ड्युटीचा वाद होत नाही.
- विक्रीच्या जाहिरातीत किंवा स्टेटसला पूर्ण नंबर दिसू देऊ नका. कोणीही तो उचलून खोट्या कार्डावर छापू शकतो.

मामांच्या मशीनचा फोटो आता माझ्या ड्राइव्हवर आहे. आधीचं काय होतं ते कधीच कळणार नाही, पण पुढच्या वेळी दाखवायला पुरावा असेल. तुमच्याही घरी असं घड्याळ असेल तर आजच पाच मिनिटं काढा.