पंचेचाळिशीतला राजीनामा: वसंतराव देशपांडे

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला. म्हणाला, "आता तिशी आली रे, तबला शिकायचा राहूनच गेला." त्याला तेव्हा काही बोललो नाही. आजचा भाग म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर समजा.

गोष्ट डॉ. वसंतराव देशपांडे यांची. 1920 साली विदर्भात जन्म. वडील सोबत नव्हते, आईने एकटीने नागपुरात वाढवलं. तिथे शंकरराव सप्रे गुरुजींकडे गाणं सुरू झालं. 1935 साली भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' चित्रपटात हा मुलगा कृष्ण झाला. म्हणजे पंधराव्या वर्षी पडद्यावर! पुढची गोष्ट सरळ यशाची असायला हवी होती ना? तसं झालं नाही.

वसंतराव पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून म्हणून लागले. घर चालवायचं होतं, महिन्याचा पगार लागत होता. बरीच वर्षं ही नोकरी चालली. दिवसा फायली आणि उरलेल्या वेळात गाणं.

पण या वर्षांना 'वाया गेलेली' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांच्याकडून मारवा मिळाला होता. नंतर किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ यांच्याकडेही ते शिकले. मनावर मास्टर दीनानाथांच्या आक्रमक, चमकदार गायकीचा पगडा होताच. हे सगळं एका गळ्यात मुरायला वेळ लागणारच. आणि नेमकं हेच त्या काळात त्यांच्या आड येत होतं. मैफिलीतल्या जाणकारांचा पहिला प्रश्न असायचा, घराणं कुठलं? वसंतरावांकडे एका शब्दाचं उत्तर नव्हतं. माझं घराणं माझ्यापासूनच सुरू होतं, असं ते म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते.

मग ईशान्य सीमेकडे बदली झाली. तिथे कसला रियाज आणि कसल्या मैफिली? शेवटी पंचेचाळिशीच्या आसपास त्यांनी नोकरी सोडली. पु. ल. देशपांड्यांसारखे जिवलग मित्र पाठीशी होते, तरी त्या वयात हातचा पगार सोडणं सोपं नव्हतं.

1967 साली 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती 'नाट्यसंपदा'ची. वसंतराव झाले खाँसाहेब आफताब हुसेन, राजगायकपदासाठी पंडितजींशी झुंजणारा मानी गवई. या नाटकात एकच पद पंडितजींच्या आणि खाँसाहेबांच्या दोन वेगळ्या चालींत येतं, म्हणजे दोन घराण्यांचा स्वभाव प्रेक्षकाला कानांनीच कळतो. अशा भूमिकेला एकाच चौकटीत न मावणारा गायक हवा होता. ज्या गोष्टीसाठी मैफिलीत नाकं मुरडली गेली, तीच इथे कामी आली. वसंतराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.

30 जुलै 1983 ला ते गेले. म्हणजे 'कट्यार'नंतर जेमतेम सोळा वर्षं मिळाली. आज आपण ज्या वसंतरावांना ओळखतो, ते बरेचसे या सोळा वर्षांतले.

आता खरं सांगतो. मी स्वतः दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे ही गोष्ट 'उद्याच राजीनामा द्या' अशी ऐकायचा मोह मलाही होतो. पण राजीनाम्याआधीची वर्षं गाळली तर गोष्टच उरत नाही. ऑफिसातून थकून आल्यावरही त्यांनी गाणं सोडलं नव्हतं, म्हणून 1967 साली ते तयार होते. आणि हेही विसरू नये की ती बदली झाली नसती, किंवा ते नाटक आलंच नसतं, तर कदाचित आपल्याला हे नाव इतकं माहीतही नसतं. असे किती कारकून-गवई राहून गेले असतील, कोण जाणे.

तेव्हा मित्रा, तबल्याचा क्लास शोध. नोकरीचं नंतर बघू. मंडळी, आज रात्री वसंतरावांचा मारवा नक्की ऐका. भेटू पुढच्या भागात!