निशाचर-निरीक्षण फेरी (मावळ व लोणावळा)

अंधार पडल्यावर जाणकार वाटाड्यासोबत वटवाघळे, रातवे, बेडूक, चापडा साप, काजवे असे निशाचर जीव पाहत केलेली पायी भटकंती. सह्याद्रीचे कडे, कार्ले-भाजे-बेडशाची लेणी आणि जुने वड-उंबर यांमुळे मावळात वटवाघळांना आसरा भरपूर. संरक्षित लेणी सूर्यास्तानंतर बंद होतात. त्यामुळे निरीक्षण बाहेरूनच करावे लागते, आणि तेच योग्य.

कीटकभक्षी वटवाघळांची साद बहुधा 20 किलोहर्ट्झच्या वर, माणसाच्या कानाला न कळणारी. ध्वनिशोधक यंत्रातून ती टकटक अशी ऐकू येते. किडा टप्प्यात आला की टकटक वेगावत सलग होते आणि एकदम थांबते. गुहांत राहणारे फळभक्षी रूसेटस वटवाघूळ जिभेने टिचक्या मारून वाट काढते. मोठे वडवाघूळ मात्र डोळ्यांवर व नाकावर विसंबते. फळलेल्या उंबराखाली चघळून टाकलेले चोथे पडलेले दिसतात.

पावसाच्या तोंडावर राजमाचीला काजव्यांसाठी झुंबड उडते. मोटारींचे दिवे व फ्लॅश यांमुळे त्यांचे मीलनसंकेत बिघडतात; ही गर्दी आवरायलाच हवी.

मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. म्हणून वटवाघळांना हात लावू नये, पण भीतीपोटी त्यांच्या वसाहती उठवणेही चूक. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळभक्षी वटवाघळे उपद्रवी ठरवली होती. 2022 च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच वगळली.